मुंग्यांमागचा सुपरहिरो

दूरचित्रवाणी संचापर्यंत येणारा संकेत क्षीण झाला की पडद्यावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची जी अखंड वळवळ सुरू होते, तिला मराठी घरांत ‘मुंग्या’ म्हणत असत. बीड जिल्ह्यातील गावांमध्ये १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९९०च्या दशकात वाढलेल्या पिढीने हीमॅन, स्पायडरमॅन आणि पुढे शक्तिमान हे सुपरहिरो, म्हणजे अंगी अलौकिक सामर्थ्य असलेले आणि ते दुर्बलांच्या रक्षणासाठी वापरणारे नायक, पाहिले ते बहुधा या मुंग्यांमधूनच. ही पिढी आता चाळिशीच्या आसपास आहे. तिच्या मुलांच्या मोबाइलवर तेच नायक कितीतरी स्वच्छ चित्रांत आणि हव्या त्या वेळी हजर होतात, तरीही जुन्या मालिकांचा विषय निघाला की या पिढीच्या बोलण्यात जो ओलावा येतो, तो नव्या चित्रांनी पुसला जात नाही. बालपणाची ओढ एवढेच म्हणून हा ओलावा बाजूला ठेवता येणार नाही, कारण बीडसारख्या जिल्ह्यात पडद्यावरचा नायक आपोआप घरात येत नसे. त्याला अनेक हातांनी मिळून आणावे लागे, आणि आज वाटणारी हुरहुर त्या नायकाइतकीच त्या हातांविषयीची आहे.

स्मरणरंजन : रोग ते आधार

गेलेल्या काळातील क्षण पुन्हा पुन्हा आठवून त्यांत रमण्याला मराठीत स्मरणरंजन म्हणतात. त्यासाठी इंग्रजीत वापरला जाणारा ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्याने स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात घडवला होता. घरी परतणे आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून तयार झालेले हे नाव तेव्हा एका आजाराचे होते, आणि मायभूमीपासून दूर राहणाऱ्या माणसांना घराच्या ओढीने येणारी ग्लानी त्यातून सांगितली जात असे. पुढे तीन शतकांत या शब्दाचा अर्थ पुष्कळ बदलला. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठातील कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस आणि टिम विल्डशुट या मानसशास्त्रज्ञांच्या संशोधनाने तर असे दाखवले, की स्मरणरंजनामुळे माणसाला आपण एकटे नसून कोणाशी तरी बांधलेले आहोत ही जाणीव बळकट होते आणि अशा आठवणींच्या केंद्रस्थानी वस्तूंपेक्षा बहुधा जवळची माणसेच असतात.

उतारवयाकडे झुकलेल्या माणसाला आयुष्यातील कोणत्या काळाच्या आठवणी अधिक येतात याचा अभ्यास करणाऱ्यांना साधारणपणे दहा ते तीस या वयातील आठवणींची संख्या ठळकपणे जास्त आढळते. या आढळाला स्मृतीचा उंचवटा म्हणता येईल. जुन्या सुपरहिरो मालिका पाहणारी मुले या उंचवट्याच्या उंबरठ्यावर होती, आणि म्हणून त्या मालिकांबरोबर आसपासचे घर, ओसरी, शेजारी आणि रविवार असे सगळेच त्यांच्या मनात एकत्र साठवले गेले.

थोड्या चित्रांची करामत

ज्या मालिकांची एवढी आठवण निघते त्या चित्रकलेच्या दृष्टीने श्रेष्ठ होत्या असे म्हणता येत नाही. सुपरमॅनवरील पहिले सतरा चलच्चित्रपट १९४१ ते १९४३ या काळात चित्रपटगृहांसाठी तयार झाले आणि त्यांतील हालचाल आजही डोळ्यांत भरावी इतकी प्रवाही आहे. परंतु दूरचित्रवाणीसाठी दर आठवड्याला नवा भाग द्यायचा तर तेवढा वेळ आणि तेवढा पैसा मिळणे शक्य नव्हते. त्यातून मर्यादित अॅनिमेशन ही पद्धत रूढ झाली. या पद्धतीत पात्राचे शरीर स्थिर ठेवून केवळ ओठ, डोळे किंवा एखादा हात हलवला जातो, आणि धावण्याची, उडण्याची किंवा वळून पाहण्याची एकदा काढलेली दृश्ये अनेक भागांत पुन्हा पुन्हा वापरली जातात.

१९६७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली स्पायडरमॅनची मालिका या काटकसरीचे बोलके उदाहरण आहे. मूळ चित्रकथेत या नायकाच्या पोशाखाच्या लाल भागावर सर्वत्र कोळ्याच्या जाळ्याच्या रेषा असतात. मालिकेत मात्र प्रत्येक चित्रात त्या रेषा काढण्याचे श्रम वाचावेत म्हणून जाळे केवळ मुखवटा, हातमोजे आणि बूट यांवर ठेवण्यात आले आणि छातीचा लाल भाग कोरा सोडला गेला. हीमॅनच्या १९८३ ते १९८५ या काळात दोन हंगामांत निघालेल्या १३० भागांतही हीच पद्धत होती. मॅटेल या खेळणी कंपनीच्या बाहुल्यांवरून ही मालिका तयार झाली होती आणि त्या बाहुल्यांची विक्री वाढावी हा तिचा उघड हेतू होता, तरी प्रत्येक भागाच्या शेवटी एखादे पात्र प्रेक्षकांकडे वळून त्या दिवशीच्या कथेचे तात्पर्य सांगत असे. भित्रा राजपुत्र अशी ख्याती असलेला अॅडम तलवार उंचावताच बलाढ्य हीमॅन होतो आणि त्याचा घाबरट वाघ रणवाघ बनतो, ही कल्पना मुलांना भावली, कारण दुबळे दिसणाऱ्यातच बळ दडलेले असते हे आश्वासन तिच्यात होते.

या मालिका दूरदर्शनवरून बीडच्या खेड्यात पोहोचत तेव्हा त्यांचे रूप आणखी उणे झालेले असे. काळ्यापांढऱ्या संचावर स्पायडरमॅनचा लाल आणि निळा हे दोन्ही रंग राखाडी दिसत, आणि मुंग्या वाढल्या की नायक कोणता व खलनायक कोणता हे आवाजावरून ओळखावे लागे. जे दिसत नव्हते ते मुलांनी स्वतः भरून काढले. मारुतीच्या देवळात शेंदराने माखलेली मूर्ती पाहून जे मन द्रोणागिरी उचलणारा हनुमान डोळ्यांपुढे उभा करू शकत होते, त्याला अर्धवट चित्रातून पूर्ण नायक घडवणे अवघड गेले नाही. थोड्या रेषांच्या चित्रांना प्रेक्षकाच्या कल्पनेची जोड मिळाल्यामुळे ती चित्रे त्या प्रेक्षकाच्या मालकीची झाली.

बालाघाटाची सावली

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रसारण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले, २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र आले आणि १९८२ मध्ये रंगीत प्रसारणाबरोबर उपग्रहाच्या साहाय्याने देशभर एकच राष्ट्रीय कार्यक्रम दाखवण्यास प्रारंभ झाला. १९८४ मध्ये काही महिने तर देशात सरासरी दररोज एक नवे प्रक्षेपण केंद्र उभे राहत होते. यांतील बहुतेक केंद्रे लघुशक्तीची, म्हणजे काही थोड्या किलोमीटरच्या परिघातच संकेत पोहोचवणारी होती, तर अंबाजोगाईसारख्या मोजक्या ठिकाणी उच्चशक्तीचे केंद्र होते आणि त्याच्या लहरी पुष्कळ दूरवर जात.

या लहरी जवळजवळ सरळ रेषेत प्रवास करतात, त्यामुळे वाटेत डोंगर आला की त्याच्या पलीकडे संकेताची सावली पडते. बीड जिल्ह्याच्या मधून पश्चिमेकडून पूर्वेकडे बालाघाटाची रांग जाते. तिच्या उत्तरेला गोदावरीकाठचा गेवराई आणि माजलगावचा सखल प्रदेश, म्हणजे गंगथडी, आणि वर पठार व त्यातील दऱ्याखोरी अशी या भूमीची रचना आहे. त्यामुळे एका गावात स्वच्छ दिसणारे चित्र डोंगराच्या कुशीतील दुसऱ्या गावात मुंग्यांनी भरलेले असे, आणि तेथे बांबूला बांबू जोडून अँटेना उंच नेणे व तिला बूस्टर, म्हणजे क्षीण संकेत वाढवणारे छोटे उपकरण, लावणे एवढाच उपाय उरे.

अॅल्युमिनियमच्या आडव्या नळ्यांची ती अँटेना यागी-उदा या दोन जपानी अभियंत्यांच्या नावाने ओळखली जाते. नळ्यांची लांबी आणि त्यांतील अंतर लहरींच्या लांबीशी जुळवलेले असल्यामुळे ती एका दिशेचा संकेत चांगला पकडते आणि इतर दिशांचा जवळजवळ नाकारते, म्हणून वाऱ्याने किंवा माकडाच्या उडीने ती थोडीशी फिरली तरी चित्र नाहीसे होई. मग एक मुलगा माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, चढून बांबू हळूहळू वळवी, दुसरा अंगणात उभा राहून निरोप पोहोचवी आणि तिसरा संचासमोरून ओरडे, ‘आलं... आलं... गेलं! मागं घे, आता थांब, हलू नको!’ चित्र लागले की सगळे पडद्याकडे वळत. वर बांबू धरून बसलेल्याला मात्र खालून येणारा आवाज तेवढा ऐकू येई.

विजेची कथा याहून वेगळी नव्हती. परळी येथील औष्णिक विद्युत केंद्र १९७०च्या दशकापासून राज्याला वीज पुरवत आले, तथापि वीज सर्वांच्या वाटणीला येते आणि टंचाई ग्रामीण भागाच्या वाट्याला आधी येते, त्यामुळे भारनियमनाची, म्हणजे ठरवून वीज बंद ठेवण्याची, झळ याच जिल्ह्यातील गावांना वर्षानुवर्षे सोसावी लागली. मालिकेच्या वेळी लाइट गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली जाई, कारण लहान काळेपांढरे संच बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालत. दोन चिमटे लावले की पडद्याच्या मधोमध प्रकाशाचा ठिपका उमटे आणि चित्र सावकाश पसरे. बॅटरी उतरली तर दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर धक्का मारून सुरू करावा लागे, आणि हे ठाऊक असूनही ती देणारा शेतकरी त्या प्रसारणाचा अबोल भागीदार होता. संचही पुष्कळदा जवळचाच असे, कारण व्हिडिओकॉनचा कारखाना मराठवाड्यातच, औरंगाबादजवळ होता.

भीष्मांचा विश्वास

१३ सप्टेंबर १९९७ रोजी दूरदर्शनवर सुरू झालेली आणि २००५ पर्यंत चाललेली ‘शक्तिमान’ ही चित्रांची मालिका नव्हती, त्यात प्रत्यक्ष नट काम करत. परंतु परदेशी कार्टूनने मुलांच्या मनात जी जागा तयार केली होती तिच्यात हा भारतीय नायक येऊन बसला. वर्तमानपत्रात काम करणारा गबाळा पंडित गंगाधर हाच गरगर फिरत आकाशात झेपावणारा शक्तिमान असतो, ही दुहेरी ओळख सुपरमॅनच्या घाटाची होती, मात्र त्याचे सामर्थ्य परग्रहावरून आलेले नसून योगसाधनेने जागृत केलेल्या सात चक्रांतून, म्हणजे शरीरातील सात शक्तिकेंद्रांतून, आलेले होते. मुले नायकाच्या प्रेमात होतीच. या मांडणीने घरातील वडीलधाऱ्यांचीही मान्यता मिळवली. ही भूमिका करणारे मुकेश खन्ना १९८८ ते १९९० या काळात ‘महाभारत’ मालिकेत भीष्म झालेले होते, आणि ज्या आजोबांनी भीष्मांना हात जोडले होते त्यांना त्याच चेहऱ्याचा दुसरा उपदेश ऐकण्यात काही गैर वाटले नाही.

भागाच्या शेवटी ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’ या सदरात नायक मुलांना दात घासण्यापासून खरे बोलण्यापर्यंतच्या गोष्टी सांगे. त्याची हिंदी बीडच्या मुलांना जड गेली नाही, कारण १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या या भागात उर्दू आणि दखनीचे शब्द बाजारात व बोलण्यात आधीपासूनच रुळलेले होते. आपल्याला वाचवायला शक्तिमान येईल या विश्वासाने काही मुलांनी स्वतःला धोक्यात घातल्याच्या बातम्या त्या काळात देशभरातून आल्या आणि कार्यक्रमातूनच मुलांना तसे न करण्याचे सांगावे लागले. चित्रावर एवढा भाबडा विश्वास ठेवणारे प्रेक्षक किती कोवळे होते आणि त्यांच्यासाठी काही तयार करणाऱ्याची जबाबदारी किती मोठी असते, हे या घटनांनी दाखवून दिले, आणि स्मरणरंजनात रमताना ही गोष्ट विसरता कामा नये.

हंगाम आणि हुकलेले भाग

बीडमधील आठवणींना आणखी एक पदर आहे, जो मुंबई-पुण्याच्या आठवणींत सापडत नाही. या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडण्यासाठी पतिपत्नी मिळून एक ‘कोयता’ म्हणून काम करतात, आणि लहान मुले त्यांच्याबरोबर उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या खोपटात, राहतात किंवा आजी-आजोबांपाशी गावात राहतात. आठवड्याला एक भाग दाखवणारी मालिका कोणाची वाट पाहत नाही. जी मुले फडावर गेली त्यांच्यासाठी नायकाची कथा कार्तिकात तुटत असे आणि चैत्रात पुन्हा जुळत असे, आणि मधले भाग त्यांना मिळत ते गावात राहिलेल्या सवंगड्यांच्या तोंडून. अशा वेळी सांगणारे मूल नुसते सांगत नाही, ते हातवारे करते, आवाज काढते, न घडलेली दोनचार युद्धेही आपल्या पदरची घालते. कीर्तनकाराने आख्यान रंगवावे तशी ती कथा ओट्यावर रंगत असे, आणि आजच्या कित्येकांच्या मनातील एखादा थरारक प्रसंग कोणत्याही मालिकेत नसून एखाद्या मित्राच्या सांगण्यातच असण्याचा संभव आहे.

प्रामाणिकपणे आठवणींची दुसरी बाजूही नोंदवावी लागते. संच ज्या घरी असे त्या घराचा उंबरठा सर्वांसाठी सारखा नव्हता. कोणी संचासमोर सतरंजीवर बसत, कोणी ओसरीच्या कडेला आणि कोणी खिडकीच्या गजांना धरून बाहेर उभे राहत, आणि जागा कोणती मिळेल हे पुष्कळदा जात व परिस्थिती ठरवत असे. मुलींच्या वाट्याला रविवारी धुणी, भांडी आणि धाकट्या भावंडांना सांभाळणे येई. पडद्यावरही पराक्रम बहुधा पुरुषांचाच असे. तीन चिमुरड्या मुली शहर वाचवतात असे दाखवणारी ‘पॉवरपफ गर्ल्स’ ही मालिका १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि केबल असलेल्या घरांतूनच येथे दिसली. सगळे गाव एकत्र बसत असे, हे वाक्य म्हणूनच जपून उच्चारले पाहिजे. एकत्र येण्याची ओढ खरी होती आणि त्यातील अंतरेही खरी होती.

छत्री आली, बांबू उतरला

१ मे १९९५ रोजी कार्टून नेटवर्क ही वाहिनी भारतात सुरू झाली आणि १९९९ पासून तिच्यावरील कार्यक्रम हिंदीतही ऐकू येऊ लागले. काळ्या कागदावर पार्श्वभूमी रंगवून अंधाराचा गडदपणा साधणारी बॅटमॅनची १९९२ ची मालिका, ‘स्वॅट कॅट्स’मधील विमान उडवणारी मांजरे आणि २००१ नंतरची ‘जस्टिस लीग’ ही आधी तालुक्याच्या गावांतील केबलवाल्या घरांत पोहोचली, आणि खेड्यातील व तालुक्यातील मुलांचे नायक काही वर्षे वेगळे झाले. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने घरावरील तबकडीद्वारे मोफत वाहिन्या देणारी सेवा सुरू केल्यावर माळवदांवर छत्र्या दिसू लागल्या. छत्री एकदा उपग्रहाच्या दिशेने बसवली की ती पुन्हा पुन्हा फिरवावी लागत नाही, चित्र येते ते स्वच्छ येते किंवा मुळीच येत नाही, आणि त्याबरोबर मुंग्या गेल्या व बांबू धरणाऱ्या मुलाचे कामही संपले. पुढे प्रसार भारतीने मोजकी महत्त्वाची ठिकाणे वगळून जमिनीवरील जुनी अॅनालॉग प्रक्षेपणे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय घेतला, आणि मार्च २०२२ ही त्याची अखेरची मुदत होती.

त्यापूर्वी, एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात दूरदर्शनने ‘शक्तिमान’ पुन्हा दाखवली. देशभरातील घरांत बंदिस्त झालेल्या पालकांनी आपल्या मुलांना शेजारी बसवून ती पाहिली. त्याच दिवसांत बीडचे असंख्य ऊसतोड कामगार मात्र साखर कारखान्यांच्या परिसरात अडकून पडले होते, आणि एप्रिलच्या मध्यानंतर शासनाने परवानगी दिल्यावरच त्यांचा परतीचा मार्ग मोकळा झाला. लहानपणी ज्यांचे भाग फडावर हुकले, त्यांच्यापैकी कितीतरी जण कोयता हाती घेऊन पुन्हा त्याच फडावर होते. घरी परतण्याची वेदना हा होफरने जोडलेला अर्थ त्यांच्या बाबतीत अक्षरशः खरा ठरला.

जुन्या मालिका आज सहज मिळतात, त्या जपण्यासाठी मोठ्या कंपन्या आहेत. ज्याला कोणी जपत नाही ते बालाघाटाच्या सावलीतील पाहणे आहे: कोणत्या गावात पहिला संच कोणाच्या ओसरीवर आला, बॅटरी कोणी दिली, खिडकीबाहेर कोण उभे राहिले, फडावरून परतलेल्या मुलांना कथा कोणी सांगितली. हे सांगू शकणारी माणसे अद्याप गावोगावी आहेत. शाळांनी आपल्या विद्यार्थ्यांकरवी पालकांना व आजी-आजोबांना विचारून, महाविद्यालयांनी ध्वनिमुद्रण करून आणि बीडच्या आकाशवाणी केंद्रासारख्या संस्थांनी त्याला आवाज देऊन हा स्थानिक इतिहास लिहून ठेवला, तर त्यातून एका नायकाच्या आवडीपेक्षा मोठे काही हाती लागेल. आपल्याला दिसत नसलेले चित्र इतरांना दिसावे म्हणून उन्हात बांबू धरून उभ्या राहणाऱ्या मुलाचे नाव कोणत्याही श्रेयनामावलीत नाही; ते निदान त्याच्या गावाच्या वहीत तरी असले पाहिजे.